आगीचा वेग

भिंतीवर टांगलेल्या लाल अग्निशामकामागे तीन गृहीतके आहेत. आग लहान आहे, ती दिसते आहे आणि तिच्याजवळ अग्निशामक हातात घेणारा माणूस आहे. जॉर्ज विल्यम मॅन्बी या इंग्रज कॅप्टनने १८१८ च्या सुमारास तांब्याच्या भांड्यात पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण भरले आणि दाबलेल्या हवेने ते आगीवर फेकण्याची युक्ती काढली. आजच्या हाती अग्निशामकाची घडण मुळात तीच आहे. द्रावणाच्या जागी कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साइड, फेस आला. दाब दाखवणारा काटा आला, पिन आली, नळी आली. गृहीतके मात्र बदलली नाहीत. कार्यालयातली कचऱ्याची टोपली किंवा दुकानातला पुठ्ठ्यांचा ढीग पेटला तर ती आजही खरी ठरतात, आणि तिथे या साधनाला पर्याय शोधण्याचे कारण नाही. पण उद्योगातल्या बऱ्याच आगी या तीन गृहीतकांत बसत नाहीत. काही आगी आठवडाभर कोणाला न दिसता जगतात, काही माणसाची पापणी लवण्याआधी आपले काम उरकतात, काही विझवल्यावर पुन्हा पेटतात. अग्निशमनाच्या तंत्रात पुढे काय येणार याचा विचार करताना नवी रसायने आणि नवी यंत्रे यांची यादी करत बसण्यापेक्षा एक प्रश्न आधी विचारायला हवा: कोणती आग किती वेगाने चालते आणि आपले साधन त्या वेगाला पुरे पडते का? माझ्या मते पुढच्या काळातले सगळे महत्त्वाचे बदल याच प्रश्नाची उत्तरे आहेत.

हा प्रश्न तपासून पाहायला वारणानगरइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणा नदीच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग दूध संघ, ग्राहक भांडार, शाळा-महाविद्यालये आली. कोल्हापूर-सांगलीच्या या पट्ट्यात कारखान्यांच्या जोडीला सहवीजनिर्मिती आणि इथेनॉलही आले. परिणामी बगॅस, साखरेची धूळ, दूध भुकटी, अल्कोहोल, विजेची मोठी पॅनेले आणि आता बॅटरीवरच्या दुचाकी हे सगळे पेटू शकणारे पदार्थ काही किलोमीटरच्या आत नांदतात. त्यातला प्रत्येक आपापल्या गतीने पेटतो.

सर्वांत संथ आग बगॅसची. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस निघते आणि गिरणीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यात जवळपास निम्मे पाणी असते. हंगामात बरीचशी बॉयलरमध्ये जाते. उरलेली हंगामानंतरच्या वीजनिर्मितीसाठी किंवा विक्रीसाठी आवारात गंजीसारखी रचून ठेवली जाते. ओल्या बगॅसमध्ये थोडी साखर शिल्लक असते. तिच्यावर सूक्ष्मजीव पोसतात आणि त्यांच्या हालचालीने ढिगाचे पोट तापू लागते. तापमान ७० अंशांच्या आसपास गेले की बहुतेक सूक्ष्मजीव मरतात, पण तोवर तंतूंचे हवेतल्या ऑक्सिजनशी संथ ज्वलन सुरू झालेले असते. ढीग मोठा असल्याने आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि बाहेरून ढीग थंडच दिसतो. अशा ढिगाच्या पोटात निखारा कित्येक दिवस धुमसू शकतो. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात तो पृष्ठभागाला पोचला की लोकांना आग ‘अचानक’ लागल्यासारखी वाटते.

या आगीपुढे पाण्याचा मोठा फवारासुद्धा तोकडा पडतो, हे समजून घेणे जरुरीचे आहे. पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्याने ते बगॅसच्या तंतूंत मुरण्याऐवजी वाटा काढून खाली वाहून जाते. निखारा कोरडाच राहतो. उलट जोरदार झोताने हलके तंतू उडतात आणि ठिणग्या शेजारच्या ढिगावर जातात. म्हणून आज दोन दिशांनी काम चालले आहे. एक म्हणजे पाण्यात पृष्ठताण कमी करणारे द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात मिसळणे, म्हणजे तेच पाणी ढिगात खोल शिरते. दुसरी दिशा मला जास्त मोलाची वाटते: आग विझवण्याऐवजी ढिगाचा ताप मोजणे. ढिगात लांब दांड्याचे तापमापक रोवून ठेवणे, आवारावर उष्णता टिपणारे कॅमेरे लावणे, धुमसण्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे संवेदक बसवणे. तापमान रोज थोडेथोडे चढते आहे हे कळले, तर तो भाग जेसीबीने उकरून पसरवायला आणि थंड करायला पुरेसा अवधी मिळतो. जी आग आठवडाभर तयारी करते तिच्यावर सेकंदात धावून जाणारी यंत्रणा बसवण्यात अर्थ नाही. तिला रोजची नोंदवही लागते.

इथे रास्त आक्षेप येतो. लोखंडी सळई ढिगात खुपसून थोड्या वेळाने तिला हात लावून पाहणारा अनुभवी कामगार हे काम करतोच की. संवेदकांवर खर्च कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि ही परीक्षा टाकून देण्यासारखी नाही. अडचण अशी की सळई लावली त्या जागेचेच आणि त्या दिवसाचेच उत्तर देते. ताप किती वेगाने चढतो आहे हे कळायला कालची आणि परवाची नोंद लागते. आणि नोंद ठेवण्याची साधने वारणेला नवी नाहीत. १९९८ मध्ये इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातल्या ७० गावांना संगणकांनी जोडण्याची ती योजना होती. पुढे पाहणीत दिसले की गावोगावचे संगणक प्रामुख्याने उसाच्या कामालाच येत होते: किती ऊस गेला, किती खत उचलले, बिल किती झाले. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तेच काम करून पाहिले, आणि ते जमले. या अनुभवातून अग्निसुरक्षेने शिकण्यासारखे बरेच आहे. बगॅसच्या ढिगातल्या तापमापकाला भव्य नियंत्रण कक्षाची गरज नाही. दर काही तासांनी एक आकडा पाठवणारे आणि आकडा वाढला की आवारातल्या जबाबदार माणसाच्या फोनवर निरोप देणारे उपकरण पुरते. महागडी यंत्रणा बसवून ती दोन वर्षांत धूळ खात पडण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आता दुसरे टोक पाहू. साखर साठवायची खोली किंवा पोती भरण्याचा विभाग कोणालाही निर्धोक वाटतो. पण साखरेची बारीक धूळ हवेत दाट पसरली आणि तिला ठिणगी मिळाली तर तिचा स्फोट होतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी असाच स्फोट झाला आणि १४ कामगारांचा जीव गेला. साखरेच्या सायलोखालचा वाहक पट्टा पत्र्यांनी बंदिस्त केलेला होता. त्या बंद जागेत धूळ साचली आणि तिथे पहिला स्फोट झाला. त्याच्या हादऱ्याने कारखानाभर तुळयांवर, नळांवर, छतावर बसलेली धूळ उडाली, आणि एकामागून एक स्फोट होत गेले. जीवितहानीचा मोठा भाग या दुसऱ्या फेरीचा होता. अशा ठिकाणी माणूस अग्निशामकाकडे धावण्याचा प्रश्नच येत नाही. इथले साधन मिलिसेकंदांत चालावे लागते: बंद यंत्रातला दाब वाढू लागला की संवेदक तो ओळखतो आणि दाबाखाली भरून ठेवलेली सोडियम बायकार्बोनेटची पावडर ज्वाळा पसरण्याआधी आत सोडली जाते. शेजारच्या नळातून ज्वाळा पुढे जाऊ नये म्हणून झडपा बंद होतात. हे तंत्र जगात रुळलेले आहे. सहकारी कारखान्यांच्या यादीत ते अजून फारसे नाही. पण तुळईवरची धूळ पुसणारा झाडूवाला या स्फोट-शमन यंत्रणेपेक्षाही महत्त्वाचा आहे, हे तितकेच खरे. पुसून काढलेल्या धुळीचा दुसरा स्फोट होत नाही.

दूध भुकटीच्या फवारा-शुष्कक यंत्रात दोन्ही गती एकत्र भेटतात. १८० ते २०० अंशांच्या गरम हवेत दुधाचे थेंब सुकवले जातात. यंत्राच्या भिंतीवर भुकटीचा थर चिकटून राहिला तर तो आतून करपत जातो, आणि त्या थराचा धुमसता तुकडा खाली पडला की हवेतल्या भुकटीला ठिणगी मिळते. म्हणजे तासभर चाललेल्या संथ धुमसण्यातून क्षणाचा स्फोट. म्हणून जगभरातल्या नव्या शुष्ककांत बाहेर जाणाऱ्या हवेतला कार्बन मोनॉक्साइड अगदी सूक्ष्म प्रमाणात मोजला जातो. ज्वाळेच्या कितीतरी आधी हा वायू बातमी देतो आणि यंत्र थांबवून आत पाणी सोडता येते. दोन वेगांमधली ही फट सापडणे हेच त्या तंत्राचे यश आहे.

इथेनॉलची गोष्ट वेगळी आणि या पट्ट्यापुरती सर्वांत निकडीची. केंद्र सरकारने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट अलीकडे ओढले आणि २०२५ मध्ये ते प्रमाण गाठले गेले. त्यामुळे साखर कारखान्यांच्या आवारात अल्कोहोलच्या टाक्या वाढल्या. इथेनॉल सुमारे १३ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की ज्वलनाला हवा पुरत नाही. इथेनॉलच्या टाकीत मात्र आपल्याकडच्या साध्या हवामानातच वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेटण्याजोग्या टप्प्यात असू शकते. पेटले तर दिवसाउजेडी ज्योत जेमतेम दिसते. म्हणून डोळ्यांऐवजी अवरक्त किरण टिपणारे ज्योत-संवेदक लागतात. शिवाय इथेनॉल धूर कमी करते, आणि मोठ्या आगीत उष्णतेचा मारा अडवणारा पडदा धूरच असतो; तो नसल्याने शेजारच्या टाक्या आणि जवळची माणसे जास्त तापतात. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बला इथे २८ जानेवारी २००४ रोजी इथेनॉलची एक मोठी टाकी पेटली. ती विझवायला सुमारे २० तास लागले.

विझवण्याचा पेच फेसाचा आहे. पेट्रोल-डिझेलच्या आगीवर चालणारा साधा फेस अल्कोहोलवर टाकला की अल्कोहोल त्यातले पाणी ओढून घेते आणि फेस विरतो. त्यासाठी अल्कोहोल-रोधक फेस लागतो. त्यातले बहुवारिक द्रव्य अल्कोहोलला भिडताच पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि त्यावर फेस टिकतो. तो जोरात आपटून चालत नाही, टाकीच्या भिंतीवरून सावकाश उतरवावा लागतो. पूर्वीच्या अनेक प्रकारांत पाण्यात मिसळायचे प्रमाणही पेट्रोलसाठी ३ टक्के आणि अल्कोहोलसाठी ६ टक्के असे वेगळे होते. चुकीचे प्रमाण लावलेला बंब भरपूर फेस मारतो आणि आग जळतच राहते. यात आणखी एक वळण आले आहे. या फेसांची ताकद बऱ्याच अंशी फ्लोरिनयुक्त संयुगांमुळे होती. ही संयुगे मातीत, पाण्यात आणि शरीरात टिकून राहतात असे दिसल्यावर स्टॉकहोम कराराने २००९ मध्ये पीएफओएस आणि २०१९ मध्ये पीएफओए यांच्यावर निर्बंध आणले. फ्लोरिनविरहित फेस हीच आता जगाची दिशा आहे. त्याला उत्तर म्हणून लोक म्हणतात की नवा फेस जुन्याइतका प्रभावी नाही, आगीच्या वेळी पर्यावरण कोण बघणार? नव्या फेसांना काही आगींवर जास्त जाड थर आणि जास्त काळजीपूर्वक मारा लागतो हे मान्य केले पाहिजे. पण वारणेचे पाणी पिणारी माणसे आणि टाकीशेजारी काम करणारी माणसे वेगळी नाहीत. सरावात आणि आगीत वापरलेला फेस शेवटी नदीच्याच दिशेने जातो. घाईने पिंपे बदलली तर मात्र फसगत होईल: नवे फेस बहुधा दाट असतात, जुनी मिश्रण-यंत्रे ते बरोबर ओढत नाहीत, आणि जुन्या टाकीच्या भिंतीला चिकटलेली संयुगे धुतल्याशिवाय नवा फेसही दूषित होतो. बदल करायचा तर टाकी, नळ आणि मिश्रण-यंत्र यांच्यासकट करावा लागतो.

वायूंच्या बाबतीत हाच धडा जगाने तीनदा गिरवला. संगणक-कक्ष आणि नियंत्रण-कक्षांसाठी हॅलॉन अप्रतिम होता. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेले एचएफसी वायू ओझोनला निरुपद्रवी, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांनाही उतार लागला. मग फ्लोरोकीटोन आले, आणि ते बनवणाऱ्या प्रमुख कंपनीने, थ्रीएमने, २०२२ च्या डिसेंबरमध्ये २०२५ अखेर अशा सर्व रसायनांचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. यावरून माझा कल साध्या पदार्थांकडे आहे: नायट्रोजन, आर्गॉन आणि पाणी. पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार सोडले की ते झटकन वाफ होतात, उष्णता शोषतात, आणि वाफ सुमारे १७०० पट फुगून ज्योतीजवळचा ऑक्सिजन ढकलते. पाणी थोडे लागते, नुकसान कमी होते. विजेच्या पॅनेलांसाठी तर याहून साधी सोय आली आहे: दाबाखालच्या शामक वायूने भरलेली प्लास्टिकची नळी पॅनेलमध्ये फिरवतात. जिथे ताप लागतो तिथे ती फुटते आणि वायू नेमका तिथेच सुटतो. तिला वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही. ग्रामीण भागातल्या भारनियमनाचा आक्षेप घेणाऱ्यांना याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही. काचेचा फुगा ६८ अंशांना फुटून चालू होणारा स्प्रिंकलर याच जातीचा आहे आणि त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. स्वयंचलित म्हणजे संगणकीय असे समजण्याची गरज नाही.

माणूस जवळ आहे हे तिसरे गृहीतक महाराष्ट्रात वारंवार खोटे ठरले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. बाळ अग्निशामक उचलू शकत नाही. तिथे धूर ओळखणारा आणि आपोआप कृती करणारा यंत्राचा डोळा हवा, आणि कक्षात जागे माणूसही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये उभे राहिलेले, लाकूड आणि पडदे यांनी भरलेले ते सभागृह पाहता पाहता आगीच्या स्वाधीन झाले. लाकडी रंगमंच आणि कापडी पडदे यांची आग मिनिटांत मोजायची. दूरवरून येणारा बंब कितीही तत्पर असला तरी पहिली काही मिनिटे इमारतीलाच स्वतःसाठी लढावी लागते. अशा जुन्या वास्तूंची पुनर्बांधणी करताना पाण्याच्या सूक्ष्म तुषारांचा विचार अगत्याने व्हायला हवा, कारण लाकूडकामाची नासाडी त्यात कमी होते.

बॅटरीची आग याच्या उलट स्वभावाची: ती विझली असे वाटते आणि पुन्हा पेटते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि त्यानंतर बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे एआयएस १५६ हे मानक कडक करण्यात आले. लिथियम बॅटरीचा एक कोश बिघडून तापला की शेजारचा तापतो, त्यातून स्वतःच ज्वलनशील वायू निघतात. कोरडी पावडर ज्योत मारते, ताप तसाच राहतो. म्हणून भरपूर पाणी आणि बराच वेळ हाच आजचा उपाय आहे. गावोगाव या गाड्या रात्री घराच्या सोप्यात चार्ज होतात. त्यामुळे चार्जिंगची जागा बाहेर पडण्याच्या वाटेवर नसावी, एवढी साधी सूचनासुद्धा महागड्या अग्निशामकापेक्षा जास्त जीव वाचवेल.

सर्वांत गंभीर आक्षेप देखभालीचा आहे. संवेदक खोटे इशारे देतात, लोक कंटाळून ते बंद करतात, आणि खरी आग लागते तेव्हा यंत्रणा गप्प असते. हे घडते, हे नाकारून चालणार नाही. दोन वेगळ्या जातीच्या संवेदकांनी, समजा उष्णतेने आणि वायूने, एकत्र होकार दिल्यावरच जोराची कृती करायची, हा त्यावरचा तांत्रिक उपाय. पण कायद्याचा उपाय आपल्याकडे आधीच आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र द्यायचे असते. सहा महिन्यांतून एकदा सही झालेला कागद आणि यंत्रणेची आजची स्थिती यांत अंतर पडू शकते. अग्निशामकातला दाब घसरला, तो जागेवरून हलवला गेला किंवा त्याच्यापुढे पोती रचली गेली, हे आपोआप कळवणारी छोटी उपकरणे आता बाजारात आहेत. भडक प्रयोगांपेक्षा, आवाजाच्या लहरींनी ज्योत मारणारे यंत्र किंवा आगीत फेकायचा चेंडू यांपेक्षा, मला हे कंटाळवाणे उपकरण अधिक भरवशाचे वाटते. जुनाच अग्निशामक, फक्त तो रिकामा असल्याचे आदल्या दिवशी सांगणारा.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि तो सहकारी पट्ट्यात वेगळ्या रीतीने सुटू शकतो. हंगामात लोंबकळणाऱ्या वीजतारांच्या ठिणगीने उसाचे फड जळतात, जळीत ऊस घाईने तोडून कमी भावात घालावा लागतो, आणि त्या वेळी शेतकरी बहुधा कारखान्याच्याच बंबाला हाक मारतात. म्हणजे अग्निशमन इथे एका कुंपणाच्या आतले कधीच नव्हते. तीच रीत फेसाला लागू करता येईल. एका कारखान्याला इथेनॉलच्या मोठ्या टाकीला पुरेल इतका अल्कोहोल-रोधक फेस वर्षानुवर्षे साठवणे जड जाते; वारणा, पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या कारखान्यांनी मिळून साठवला तर जाणार नाही. अट एकच: प्रत्येकाने वेगळ्या कंपनीचा फेस घेतला तर साठ्यात तो एकमेकांत मिसळता येत नाही. मिसळला तर काही वेळा तो गाठी धरून नळातच अडकतो. खरेदी एकत्र हवी, मिश्रणाचे प्रमाण एक हवे, नळ्यांची ६३ मिलिमीटरची जोडणी एक हवी, आणि कोणत्या आवारात किती पिंपे आहेत याचा तक्ता प्रत्येक बंबचालकाच्या फोनवर हवा. हे ठरवायची वेळ गव्हाणीत मोळी पडण्याआधीची, कारण आसवनी एकदा चालू झाली की टाक्या भरत जातात.